प्रिंट स्पूलर दिवसातून चार-चारदा पडतो : दोषी ड्रायव्हर पकडायचा कसा?

नवखा_अ‍ॅडमिन

विंडोज सर्व्हर २०१९, त्यावर फक्त प्रिंट सर्व्हरचं काम. ४६ क्यू (छपाईच्या रांगा), तीन कंपन्यांचे प्रिंटर. बहुतेक लेझर, ५ डॉट मॅट्रिक्स, ३ लेबलवाले. पोर्ट सगळे स्टँडर्ड टीसीपी/आयपी. क्लायंट विंडोज १० आणि ११.

मंगळवारपासून स्पूलर (छपाईचे जॉब रांगेत लावून प्रिंटरला देणारी विंडोजची सर्व्हिस) आपोआप बंद पडतोय. सिस्टम लॉगमध्ये ७०३१ ची (सर्व्हिस अचानक बंद पडल्याची नोंद) रांग लागली आहे. दोनदा आपणहून उठतो, तिसऱ्यांदा पडला की पडलेलाच. मग मी सर्व्हिस थांबवतो, स्पूल\प्रिंटर्स फोल्डर रिकामं करतो, पुन्हा सुरू करतो. तासभर बरं चालतं आणि परत तेच.

दोन प्रश्न आहेत. एवढ्या ड्रायव्हरांतला गुन्हेगार कोणता हे कसं कळणार? आणि सगळे काढून नव्याने टाकावे लागतील का?

सर्व्हरखाना

दुसऱ्याचं उत्तर आधी : नाही. आणि ते फोल्डर न बघता रिकामं करणं आजपासून बंद करा, पुरावा तुम्हीच पुसताय.

७०३१ ही नुसती मयताची बातमी. कारण ॲप्लिकेशन लॉगमध्ये असतं, इव्हेंट १०००. फॉल्टिंग ॲप्लिकेशन म्हणून स्पूलएसव्ही.ईएक्सई असलेल्या नोंदी गाळून घ्या आणि प्रत्येकीतून तीन गोष्टी वहीत उतरवा : फॉल्टिंग मॉड्यूलचं नाव, त्याचा पूर्ण पाथ, आणि एक्सेप्शन कोड. एका नोंदीवर विसंबू नका, निदान दहा बघा.

मॉड्यूल सिस्टम३२\स्पूल\ड्रायव्हर्स\एक्स६४\३ मधलं असेल तर चोर जवळजवळ सापडला. त्या डीएलएलवर (म्हणजे ड्रायव्हरच्या त्या प्रोग्राम फाईलवर) राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डीटेल्स. कंपनी आणि आवृत्ती दोन्ही कळतात. कोड सी००००००५ असेल तर त्या मॉड्यूलने नको त्या मेमरीला हात लावला एवढाच अर्थ.

मॉड्यूल एनटीडीएलएल (विंडोजची स्वतःची मूळ फाईल) आणि कोड सी००००३७४ असेल तर मात्र फसू नका. म्हणजे हीप (प्रोग्राम चालताना वापरतो ती मेमरी) बिघडलं आहे. बिघडवलं कोणी आणि लक्षात आलं कधी, यात मध्ये बराच काळ गेलेला असू शकतो. एनटीडीएलएल फक्त पंचनामा करतं. अशा वेळी विंडोज दुरुस्त करत बसणारे बरेच भेटतात; तो रस्ता सोडा.

आता फोल्डरबद्दल. तिथे प्रत्येक जॉबच्या दोन फायली असतात : एसपीएल म्हणजे छापायचा मजकूर, एसएचडी म्हणजे त्या जॉबची माहिती (कोणी दिला, कोणत्या क्यूवर, कोणत्या सेटिंगने). स्पूलर उठला की उरलेले जॉब पुन्हा हातात घेतो, तोच जॉब त्याच ड्रायव्हरला देतो आणि परत पडतो. म्हणून तिसऱ्यांदा पडेपर्यंतचं ते चक्र. फोल्डर रिकामं केलं की बरं वाटतं ते याचमुळे, आणि तसाच जॉब कोणीतरी परत दिला की संपलं. पुढच्या वेळी त्या फायली दुसरीकडे हलवा, पुसू नका. मग स्पूलर बंद करून एकेक जोडी परत ठेवायची, सुरू करायचा, बघायचं.

केबलमास्तर

यात एक भर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, प्रिंटसर्व्हिस, ऑपरेशनल. हा लॉग मुळात बंद असतो. राइट क्लिक करून सुरू करा आणि आकार निदान ५० एमबी करा, मूळ आकार एका कामाच्या दिवसाला पुरत नाही. छापून झालेल्या प्रत्येक जॉबला ३०७ ची नोंद मिळते : वापरणारा, प्रिंटर, पोर्ट, पानं. पडण्याच्या वेळी सुरू झालेला पण ३०७ न मिळालेला जॉब शोधा. तीन-चार वेळा एकच क्यू आली तर पुढचं सोपं आहे.

दस्तऐवजाचं नाव त्यात दिसणार नाही. त्याची ग्रुप पॉलिसी वेगळी आहे, जॉबचं नाव इव्हेंट लॉगमध्ये येऊ देणारी. पगारपत्रकं छापणाऱ्या ऑफिसात ती चालू करण्याआधी विचारून घ्या.

नवखा_अ‍ॅडमिन

बघितलं. १४ नोंदी. ११ मध्ये एकच डीएलएल, ड्रायव्हरच्या ३ नंबर फोल्डरमधली, कोड सी००००००५. उरलेल्या ३ मध्ये एनटीडीएलएल, सी००००३७४. कंपनीचं नाव नको, डीएलएलला 'अबकयूआय' म्हणू.

पण आता वेगळाच घोळ. प्रिंट मॅनेजमेंटमध्ये ड्रायव्हर १९ आहेत. त्यात त्या कंपनीचे चार : दोन मॉडेलचे स्वतंत्र, आणि युनिव्हर्सल ड्रायव्हर दोन आवृत्त्यांचा. ही डीएलएल चौघांच्याही यादीत आहे. मग दोषी कोण?

टोनरकाका

चौघेही, आणि एकटा कोणीच नाही. टाइप ३, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, ड्रायव्हरचं हे जुनं दुखणं आहे.

टाइप ३ च्या सगळ्या फायली, कोणत्याही कंपनीच्या असोत, त्या एकाच ३ नंबर फोल्डरमध्ये येऊन पडतात. एका नावाची एकच फाईल तिथे राहू शकते. तुम्ही नवीन युनिव्हर्सल टाकला, त्याने अबकयूआयची नवी प्रत वर चढवली. जुन्या मॉडेलच्या ड्रायव्हरच्या बाकीच्या फायली मात्र जुन्याच राहिल्या, कारण त्यांची नावं वेगळी. आता जुनी रेंडर फाईल नव्या यूआय फाईलला हाक मारते, तिच्या हिशेबाने डेव्हमोड (छपाईच्या सेटिंगचा साठा) इतक्या बाइटचा, हिच्या हिशेबाने तितक्या. कधी निभावतं, कधी नाही. 'कालपर्यंत चालत होतं' याचं उत्तर बहुतेकदा इथे असतं : मंगळवारी किंवा सोमवारी रात्री त्या कंपनीचा कोणता तरी ड्रायव्हर सर्व्हरवर आला का ते बघा. ३ नंबर फोल्डर तारखेने लावून बघा, त्यातच ओल्ड नावाचं पोटफोल्डर दिसेल. वापरात असताना बदललेल्या जुन्या प्रती तिथे जातात.

टाइप ४ मध्ये (विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून) हे होत नाही. त्याच्या फायली ड्रायव्हर स्टोअरमध्ये आपापल्या फोल्डरमध्येच राहतात. पण टाइप ४ ला फिनिशिंगचे पर्याय, स्टेपल, खात्याचा कोड वगैरे बऱ्याचदा तोकडे मिळतात, म्हणून लोक टाइप ३ ला चिकटून आहेत.

माझा सरळ नियम : एका कंपनीचा एका सर्व्हरवर एकच युनिव्हर्सल, एकच आवृत्ती. मॉडेलचा वेगळा ड्रायव्हर फक्त तेव्हाच, जेव्हा युनिव्हर्सलने एखादं काम होतच नाही.

नवखा_अ‍ॅडमिन

सोमवारी संध्याकाळी नवीन मशीन आलं होतं. व्हेंडरच्या माणसाने त्याच्याकडच्या सेटअपने टाकलं. तारीख जुळते.

गुंताराम

व्हेंडरच्या माणसाला सर्व्हरचा पासवर्ड देऊ नये, हे सेटअप.ईएक्सई वाले टूलबॉक्स, स्टेटस मॉनिटर, लँग्वेज मॉनिटर सगळंच ओततात. नुसती आयएनएफ (ड्रायव्हर बसवण्याच्या सूचनांची फाईल) मागायची.

तर आत्ता लगेच काय करायचं? ड्रायव्हर आयसोलेशन. सर्व्हर २००८ आर२ पासून आहे आणि वापरत कोणी नाही.

प्रिंट मॅनेजमेंट उघडा, ड्रायव्हर्सवर जा. त्या चारही ड्रायव्हरवर राइट क्लिक, सेट ड्रायव्हर आयसोलेशन, आयसोलेटेड. मग एकदा स्पूलर रीस्टार्ट. आता तो ड्रायव्हर प्रिंटआयसोलेशनहोस्ट.ईएक्सई नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालेल. तो पडला तर तीच प्रोसेस पडेल. त्या जॉबचं नुकसान होईल, बाकीच्या क्यू चालू राहतील. शिवाय इव्हेंट १००० मध्ये आता फॉल्टिंग ॲप्लिकेशन म्हणून स्पूलएसव्हीऐवजी प्रिंटआयसोलेशनहोस्ट येईल.

तिथे तीन पर्याय दिसतात. नन म्हणजे स्पूलरच्या आतच. शेअर्ड म्हणजे स्पूलरबाहेर, पण सगळे शेअर्डवाले एकाच खोलीत. आयसोलेटेड म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र खोली. १९ च्या १९ आयसोलेटेड करू नका, प्रत्येक प्रोसेस मेमरी खाते. संशयित आयसोलेटेड, बाकीचे शेअर्ड. ड्रायव्हरच्या आयएनएफमध्ये ड्रायव्हरआयसोलेशन=२ लिहिलेलं असेल तर कंपनीने तो अशा वापरासाठी तपासला आहे असा दावा असतो. नसेल तरी ग्रुप पॉलिसीने जबरदस्ती करता येते, पण मग एखादा प्रॉपर्टीचा टॅब न उघडणं, वॉटरमार्क न येणं अशा कुरबुरी धरून चाला.

आणि हे सर्वांत महत्त्वाचं : पोर्ट मॉनिटर आणि लँग्वेज मॉनिटर (स्पूलर आणि प्रिंटर यांच्यातला संवाद सांभाळणारे भाग) यांना आयसोलेशन लागू नाही. ते स्पूलरच्या पोटातच राहतात. सगळं आयसोलेट करूनही स्पूलर पडत असेल तर रजिस्ट्रीत सिस्टम\करंटकंट्रोलसेट\कंट्रोल\प्रिंट\मॉनिटर्स खाली बघा. लोकल पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, यूएसबी मॉनिटर, डब्ल्यूएसडी ही विंडोजची आपली. त्याखेरीज कोणी अनोळखी बसलं असेल तर त्याची डीएलएल कोणाची ते शोधा. की एक्स्पोर्ट करून ठेवल्याशिवाय काही उडवू नका.

पॉवरशेलप्रेमी

यादी एका ओळीत (देवनागरीत लिहितोय, टाइप करताना रोमन) :

गेट-प्रिंटरड्रायव्हर | सिलेक्ट नेम, मेजरव्हर्जन, प्रिंटरएनव्हायर्नमेंट, इन्फपाथ

मेजरव्हर्जनमध्ये ३ की ४ ते कळतं. कोणती क्यू कोणत्या ड्रायव्हरवर आहे ते : गेट-प्रिंटर | सॉर्ट ड्रायव्हरनेम | सिलेक्ट नेम, ड्रायव्हरनेम, पोर्टनेम, प्रिंटप्रोसेसर

शेवटचा रकाना मुद्दाम. तिथे विनप्रिंट (विंडोजचा स्वतःचा) सोडून दुसरं काही दिसलं तर तो कंपनीचा प्रिंट प्रोसेसर, म्हणजे स्पूल झालेला जॉब छपाईसाठी तयार करणारा भाग. क्यूच्या प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, प्रिंट प्रोसेसर, तिथे विनप्रिंट आणि रॉ निवडून बघा. क्रॅश थांबले तर ड्रायव्हरच्या मुख्य भागाला दोष न देता तिथेच थांबता येतं. त्याच टॅबवर 'एनेबल ॲडव्हान्स्ड प्रिंटिंग फीचर्स'ची खूण काढून बघणं हाही पाच मिनिटांचा प्रयोग आहे. जॉब ईएमएफऐवजी (विंडोजचं मधलं स्वरूप) रॉ, म्हणजे थेट प्रिंटरच्या भाषेत, जातो. एका कागदावर अनेक पानं, पुस्तिका असल्या सोयी जातील, ते वापरणाऱ्यांना सांगून ठेवा.

घाईगडबड

एवढं कशाला? सर्व्हिसच्या रिकव्हरी टॅबवर तिन्ही ठिकाणी रीस्टार्ट द सर्व्हिस लावा, शेड्यूल्ड टास्कने दर रात्री फोल्डर साफ. आमच्याकडे असंच चालतं.

सर्व्हरखाना

@घाईगडबड, तिसऱ्या वेळेलाही रीस्टार्ट लावणं ठीकच आहे, मी नाही म्हणत नाही. पण वाईट जॉब फोल्डरमध्ये असेल तर स्पूलर दर मिनिटाला उठेल आणि पडेल, आणि प्रत्येक वेळी ४६ च्या ४६ क्यूंवर चालू असलेली छपाई तुटेल. बिलाची अर्धी प्रत निघाली आणि पुन्हा पहिल्यापासून निघाली की हिशेबखाते तुम्हाला शोधत येईल.

डंपवाला

एनटीडीएलएलच्या त्या ३ नोंदींसाठी. सिसइंटर्नल्सचं प्रॉकडंप घ्या, स्पूलर चालू असताना :

प्रॉकडंप -एमए -ई स्पूलएसव्ही.ईएक्सई डी:\डंप

पडला की पूर्ण डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची प्रत, मिळेल. दिवसभर लक्ष ठेवायचं नसेल तर रजिस्ट्रीत विंडोज एरर रिपोर्टिंग\लोकलडंप्स खाली स्पूलएसव्ही.ईएक्सई नावाची की, त्यात डंपटाइप २, डंपकाउंट ३, डंपफोल्डर. काउंट न दिल्यास १० फायली साठतात, सी ड्राइव्ह भरला तर स्पूलर वेगळ्याच कारणाने रुसेल.

विनडीबीजीमध्ये (मायक्रोसॉफ्टचा डीबगर) उघडा, !ॲनालाइझ -व्ही. वरच्या दोन-चार ओळी विंडोजच्याच दिसतील. खाली उतरत जा, विंडोजची नसलेली पहिली डीएलएल दिसते तिथे थांबा. मग एलएमव्हीएम आणि मॉड्यूलचं नाव, म्हणजे आवृत्ती आणि तारीख.

हीप बिघडण्याचा माग तरीही लागत नसेल तर जीफ्लॅग्जने पूर्ण पेजहीप : जीफ्लॅग्ज /पी /एनेबल स्पूलएसव्ही.ईएक्सई /फुल. याने चुकीचं लिहिणारा लिहिताक्षणी पकडला जातो. पण स्पूलर जड होतो, मेमरी भरपूर लागते, म्हणून सुट्टीच्या दिवशी, आणि झाल्यावर /डिसेबल करायला विसरू नका.

डंपमध्ये छापला जात असलेला मजकूरही असतो. कंपनीच्या सपोर्टला फाईल पाठवण्याआधी ते ध्यानात असू द्या.

नवखा_अ‍ॅडमिन

चौघे आयसोलेटेड केले. आज दुपारपर्यंत प्रिंटआयसोलेशनहोस्ट दोनदा पडला, स्पूलर एकदाही नाही. तीन नोंदींचं एनटीडीएलएलही परत दिसलं नाही.

आता जुने काढायचे आहेत. 'ड्रायव्हर वापरात आहे' असं म्हणून काढू देत नाही.

टोनरकाका

घाई नको, क्रमाने जा.

आधी बॅकअप. स्पूल\टूल्स मध्ये प्रिंटबीआरएम आहे : प्रिंटबीआरएम -बी -एफ डी:\बॅकअप\प्रिंट.प्रिंटरएक्सपोर्ट. या बॅकअपमध्ये ते सदोष ड्रायव्हरही जातात. तो जसाच्या तसा दुसऱ्या सर्व्हरवर उतरवलात तर रोगही उतरेल. म्हणून दुसरी प्रत -नोबिन लावून घ्या, त्यात नुसती क्यू आणि पोर्टची माहिती येते, फायली नाहीत.

मग त्या कंपनीच्या युनिव्हर्सलची एकच आवृत्ती ठरवा. एक चाचणी क्यू काढून त्यावर २०-२५ जॉब द्या : दोन्ही बाजूंनी, ए३, पीडीएफ, एक्सेल, आणि देवनागरी मजकुराचा वर्ड. शेवटचा मुद्दाम. जोडाक्षरं फुटत असतील किंवा चौकोन येत असतील तर ड्रायव्हरमध्ये ट्रूटाइप फॉन्ट बिटमॅप म्हणून पाठवण्याचा पर्याय असतो, तो लावून बघा. जॉब मोठा होतो, पण अक्षर नीट येतं.

चाचणी उतरली की क्यू एकेक हलवा : सेट-प्रिंटर -नेम "क्यू" -ड्रायव्हरनेम "नवा". ड्रायव्हर बदलला की डीफॉल्ट सेटिंग पुसली जातात. कागद लेटर होऊन बसतो आणि प्रिंटर लेटर कागद मागत उभा राहतो. स्पूलरचा याच्याशी संबंध नसतो, तरी फोन तुम्हालाच येणार. प्रत्येक क्यूवर प्रिंटिंग डीफॉल्ट्समध्ये ए४, ट्रे, दोन्ही बाजू हे पुन्हा लावा. प्रॉपर्टीजमधली प्रिंटिंग प्रेफरन्सेस वेगळी, ती फक्त तुमच्या खात्यापुरती.

आता काढणं. एकही क्यू जुन्यावर नाही हे पक्कं करा, बंद पडलेल्या लपलेल्या क्यूसुद्धा. स्पूलर रीस्टार्ट करून लगेच, कोणी छापायला लागण्याआधी, प्रिंटयूआय /एस /टी२. ड्रायव्हरची यादी उघडेल. रिमूव्ह केल्यावर दोन पर्याय येतात; ड्रायव्हर आणि ड्रायव्हर पॅकेज दोन्ही काढा. नुसता ड्रायव्हर काढलात तर पॅकेज स्टोअरमध्ये राहतं आणि पुढच्या वेळी तोच परत बसतो. तरीही 'वापरात आहे' म्हणाला तर स्पूलरने डीएलएल धरलेली आहे. त्या ड्रायव्हरचा वेगळा प्रिंट प्रोसेसर असेल तर रजिस्ट्रीत एन्व्हायर्नमेंट्स\विंडोज एक्स६४\प्रिंट प्रोसेसर्स खालची त्या कंपनीची की एक्स्पोर्ट करून तिचं नाव बदला, स्पूलर रीस्टार्ट, मग काढा. विनप्रिंटला हात लावायचा नाही. शेवटी पीएनपीयुटिल /एनम-ड्रायव्हर्स ने बघा, उरलेलं पॅकेज पीएनपीयुटिल /डिलीट-ड्रायव्हर ओईएमअमुक.आयएनएफ ने काढा.

केबलमास्तर

थांबा, क्यू हलवण्याआधी क्लायंटचं बघा, नाहीतर उद्या सकाळी १५० जणांचे फोन.

प्रिंटनाइटमेअर या स्पूलरमधल्या सुरक्षा त्रुटीनंतर, म्हणजे १० ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून, पॉइंट अँड प्रिंटने (सर्व्हरवरून ड्रायव्हर आपोआप क्लायंटवर आणणारी सोय) नवा किंवा बदललेला ड्रायव्हर क्लायंटवर येताना ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो. सर्व्हरवर ड्रायव्हर बदललात की प्रत्येक क्लायंटला तो बदल दिसतो आणि सामान्य वापरणाऱ्याची छपाई तिथेच अडते. रिस्ट्रिक्टड्रायव्हरइन्स्टॉलेशनटूॲडमिनिस्ट्रेटर्स ० करा असा सल्ला सर्रास मिळतो. करू नका, ते दार उघडं टाकणं आहे. त्याऐवजी तोच ड्रायव्हर, तीच आवृत्ती, स्टार्टअप स्क्रिप्टने आधी क्लायंटवर पोचवा : पीएनपीयुटिल /ॲड-ड्रायव्हर आणि मग ॲड-प्रिंटरड्रायव्हर. आवृत्तीत दशांशाचाही फरक नको.

११बी वाली एरर आली तर ती ड्रायव्हरची नाही. सर्व्हर आणि क्लायंट यांच्यातल्या आरपीसी (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनकडून काम करून घेण्याची पद्धत) सुरक्षेची आहे. दोन्हीकडचे अपडेट एका पातळीवर आणा.

रातपाळी

एक वेगळी शक्यता नोंदवून ठेवतो, पुढे कोणी हा धागा शोधत आला तर. एकाच वापरणाऱ्याच्या जॉबने पडत असेल, आणि तोच कागद दुसऱ्याने दिल्यावर व्यवस्थित निघत असेल, तर ड्रायव्हरपेक्षा त्याचा साठवलेला डेव्हमोड तपासा. त्याच्या खात्याच्या रजिस्ट्रीत प्रिंटर्स\डेव्हमोडपरयूजर आणि डेव्हमोड्स२. तिथली त्या क्यूची व्हॅल्यू काढून प्रिंटर पुन्हा जोडला की नवा तयार होतो.

आणि दोष नेहमी ड्रायव्हरचाच असतो असंही नाही. मार्च २०२१ च्या विंडोज अपडेटनंतर काही टाइप ३ ड्रायव्हरवर छापताच निळा पडदा येत होता, एपीसी इंडेक्स मिसमॅच. ड्रायव्हर तेच, बदललं होतं विंडोज. मायक्रोसॉफ्टला त्याच महिन्यात मधलं अपडेट काढावं लागलं. स्पूलर पडणं आणि सगळं मशीनच पडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. आजचे ड्रायव्हर यूजर मोडमध्ये चालतात, एकटा ड्रायव्हर सहसा निळा पडदा आणत नाही.

नवखा_अ‍ॅडमिन

अपडेट. क्लायंटवर ड्रायव्हर शुक्रवारी रात्री पोचवला, २३ क्यू शनिवारी हलवल्या. चारपैकी तीन ड्रायव्हर काढले. एक अडला होता, त्याचा प्रिंट प्रोसेसर खरंच वेगळा निघाला. कीचं नाव बदलल्यावर निघाला. ३ नंबर फोल्डरमध्ये अबकयूआयची आता एकच प्रत आहे, नव्या आवृत्तीची. मॉनिटर्समध्ये व्हेंडरच्या सेटअपने टाकलेला एक लँग्वेज मॉनिटर होता, तोही एक्स्पोर्ट करून काढला. आयसोलेटेड तसंच ठेवलंय. चार दिवसांत १००० ची एकही नोंद नाही.

शेवटचा प्रश्न. डॉट मॅट्रिक्स आणि लेबलवाले याच सर्व्हरवर ठेवू की वेगळे?

टोनरकाका

लेबलवाले इथेच राहू द्या, पण शेअर्डऐवजी आयसोलेटेड. त्यांचे ड्रायव्हर क्वचित अपडेट होतात.

डॉट मॅट्रिक्सवर फक्त रोमन मजकुराची बिलं असतील तर विंडोजचा जेनेरिक/टेक्स्ट ओन्ली ड्रायव्हर लावा, त्यात पडण्यासारखं काही नसतंच. देवनागरी छापायची असेल तर तो चालणार नाही, प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी सहसा नसते. कंपनीचा ड्रायव्हर आणि ग्राफिक्स मोड घ्यावा लागेल, आणि वेग निम्म्याहून खाली येईल. तेव्हा एका प्रिंटरला दोन क्यू करा, पोर्ट एकच. एक टेक्स्टची, एक देवनागरीची. क्यूच्या नावातच तसं लिहा, नाहीतर बिलं ग्राफिक्सच्या क्यूवर जात राहतील आणि रिबन महिन्याऐवजी आठवड्यात बदलावी लागेल.